मु. पो. मालगुंड

लग्नपत्रिका हल्ली मोबाईलवरच येतात, पण कोकणातून येणारी एखादी पत्रिका अजून लिफाफ्यातून घरी पोचते. गेल्या उन्हाळ्यात अशीच एक आली. चारही कोपऱ्यांना हळदीची बोटं ओढलेली, आत मुहूर्त, ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी लहानग्यांची नावं, आणि तळाला पत्ता: मु. पो. मालगुंड, ता. जि. रत्नागिरी. पत्रिका वाचून झाली तरी डोळा त्या शेवटच्या ओळीवरून हलेना. जन्मभर ही ओळ आपण लिहितो आणि वाचतो. पण ‘मु.’ म्हणजे काय, ‘ता.’ म्हणजे काय, हे क्वचितच कुणी पुरतं लिहितं. टिंब देऊन मोकळं होतो.

मु. म्हणजे मुक्काम. अरबीत हा शब्द ‘उभं राहणं’ या अर्थाच्या धातूपासून झाला. मुक्काम म्हणजे उभं राहण्याची, थांबण्याची जागा. आपला ‘कायम’ हा शब्दही त्याच धातूचा. एकच मूळ, पण मराठीत एका शब्दाला तात्पुरतेपणा चिकटला आणि दुसऱ्याला टिकाऊपणा. पिढ्यान्‌पिढ्या त्याच अंगणात सारवण घालणारी माणसंसुद्धा पत्त्यात ‘मुक्काम’ लिहितात, आणि मुंबईहून चार दिवसांसाठी आलेला चाकरमानीही मुक्कामालाच येतो. रात्री गावात थांबून पहाटे रत्नागिरीला निघणारी एस.टी. ती मुक्कामाची गाडी. कुणी तिला वस्तीची गाडी म्हणतं, आणि तिथंही तेच दिसतं. वस्ती म्हणजे वसलेलं गाव, आणि वस्तीला राहणं म्हणजे एक रात्र काढणं. संस्कृत ‘वस्‌’ आणि अरबी ‘मुक्काम’ एकमेकांना कधी भेटले नव्हते, पण राहणं आणि थांबणं यांच्यात फार अंतर नसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. ज्या किनाऱ्यावरची निम्मी घरं मनिऑर्डरवर चालली, तिथं तर हे अंतर आणखीच कमी.

पो. म्हणजे पोस्ट. इंग्रजीतून आला, पण मूळचा लॅटिन. अर्थ ‘ठेवलेलं, नेमून दिलेलं’. टपाल पुढं नेण्यासाठी वाटेवर ठराविक अंतरांवर घोडे आणि स्वार ठेवलेले असत, त्यावरून. ता. म्हणजे तालुका: अरबीत ‘जोडलेलं, लटकलेलं’. ज्याला आपण ‘मुंबई इलाखा’ म्हणत होतो तो इलाखाही याच धातूचा. म्हणजे तालुका आणि इलाखा सख्खे भाऊ, एक धाकटा, एक थोरला. आणि जि. म्हणजे जिल्हा, अरबी ‘दिल्‌अ’, म्हणजे बरगडी. शरीराची बाजू, मग प्रदेशाची बाजू, मग राज्याचा एक भाग. अरबी अक्षराचा उच्चार फारसीत ‘ज’सारखा झाला, शेवटचं घशातलं व्यंजन मराठी जिभेवर ‘ह’ होऊन बसलं, आणि बरगडीचा जिल्हा झाला.

आता ती ओळ पुन्हा वाचा. थांबण्याची जागा, ठेवलेली जागा, जोडलेला मुलूख, बरगडी. ही सगळी गावाकडं दुरून पाहणाऱ्याची भाषा आहे. घोड्यावरून येणारा, कागद घेऊन येणारा, हिशेब मागणारा माणूस गावाला अशीच नावं देतो. गावात राहणारा माणूस असं बोलत नाही. त्याचे शब्द या ओळीच्या अलीकडे आहेत.

जुन्या पत्रांतून ते सापडतात. ‘मु. पो.’च्या आधी बारीक अक्षरात लिहिलेली वाडी. मालगुंडच्या समुद्राला लागून गायवाडी आहे. गणपतीपुळ्याची गर्दी चुकवून दीड-दोन किलोमीटर पुढं येणारे पाहुणे तिथल्या किनाऱ्यावर उतरतात. वाडी हा शब्द संस्कृत वाट, वाटिका यांतून आला. वाट म्हणजे इथं रस्ता नव्हे; कुंपण, कुंपणानं वेढलेली जागा. कोकणात त्याचे दोन्ही अर्थ एका गडग्यात नांदतात: चार-दहा घरांची वस्ती ती वाडी, आणि नारळी-पोफळीची बाग तीही वाडी. ‘वाडीत गेलेत’ एवढं ऐकून परका माणूस गोंधळतो, माणूस शेजाऱ्यांकडे गेलाय की शिंपण्याला? घरच्यांना विचारावं लागत नाही, वेळेवरून कळतं.

घाटावरच्या गावाचे शब्द इथं चालत नाहीत. तिकडं गाव म्हणजे पांढरी आणि काळी. पांढऱ्या मातीवर एकमेकांना खेटून घरं, वेशीबाहेर काळं रान. इथली माती तांबडी, घरं आपापल्या आगरात विखुरलेली, वेस नाहीच. वर कातळाचा सडा, खाली पुळण, मधल्या उतारावर आणि सपाटीला वाड्या; घाटीवाटेला पाखाडीचे दगड. म्हणून ‘गाव कुठं सुरू होतं?’ हा प्रश्न कोकणात विचारून उपयोग नसतो. वाडी कुठं सुरू होते ते सांगता येतं, कारण तिथं गडगा असतो.

पुळण हा शब्द मला फार आवडतो. संस्कृत ‘पुलिन’, नदीकाठची किंवा समुद्रकाठची वाळूची पट्टी. काव्यात पुलिन आलं की त्याबरोबर यमुना आणि चांदणं येतं. कोकणात ते पायाला चिकटणारी, भरतीला ओली होणारी रोजची जमीन झालं. शेजारच्या गावाच्या नावातलं ‘पुळे’ याच पुळणीचं, असं तिथली माणसं सांगतात, आणि देवळासमोरची ती लांबरुंद वाळू पाहिली की ते पटतं.

चिऱ्याचं तसंच. सड्यावरचा तांबडा, भोकं पडलेला दगड म्हणजे जांभा. तो खाणीत ओला असताना मऊ असतो, चिरता येतो, आणि बाहेर वारं-ऊन लागलं की कडक होत जातो. चिरून काढलेला ठोकळा तो चिरा, अशा चिऱ्यांत बांधलेलं घर ते चिरेबंदी. 1800 च्या सुमारास फ्रान्सिस बुकॅनन या इंग्रजांच्या नोकरीतल्या वैद्यानं मलबारात अंगाडीपुरम इथं हाच दगड पाहिला. माणसं तो विटांसारखा तोडून काढत होती. त्यानं लॅटिनमधला विटेचा शब्द घेऊन दगडाला ‘लॅटराइट’ नाव दिलं, आणि जगभरचं भूशास्त्र आज तेच वापरतं. म्हणजे नाव ठेवताना त्यानं दगडाकडं पाहिलं नाही, दगड फोडणाऱ्याच्या हाताकडं पाहिलं. आपल्या चिरेखाणीतल्या माणसानं ‘चिरा’ म्हणताना तेच केलं होतं, फक्त त्याला कुणी शोधाचा मान दिला नाही.

आणि ‘गाव’? तो ‘ग्राम’चा मुलगा. वेदांतला ग्राम ही मुळात जागा नाहीच. तो माणसांचा, गुरांचा, गाड्यांचा एकत्र चालणारा जथा. दोन ग्राम समोरासमोर आले की ‘संग्राम’. जथा थांबला, जमिनीला चिकटला, आणि मग त्या जागेला ग्राम म्हणू लागले. मराठीनं तो जुना अर्थ सोडलेला नाही. ‘गाव जमलं’, ‘गाव तोंडात बोट घालील’, ‘गाव बसलंय देवळात’, या सगळ्या वाक्यांतलं गाव म्हणजे माणसंच. शिमग्यात पालखी निघते तेव्हा तिच्याबरोबर चालणारा तो ग्राम; पालखी सहाणेवर बसली की तो थांबतो.

आता दुसऱ्या बाजूकडं, मागणाऱ्याच्या शब्दांकडं. हे मी तक्रारीच्या सुरात लिहीत नाही, शब्दांचा ओघच तिकडं जातो. गावाच्या वर शासनाची जी उतरंड आहे तिचं जवळजवळ प्रत्येक नाव वसुलीतून निघालेलं आहे. तहसील म्हणजे अरबीत गोळा करणं. महसूल म्हणजे गोळा झालेलं. हासिल म्हणजे हाती आलेलं. त्याचंच मराठी रूप ‘हशील’. ‘बोलून काय हशील?’ असं म्हणताना आपण महसूल खात्याच्या सख्ख्या बहिणीला हाक मारत असतो. जुन्या कागदांत हशील म्हणजे जकात-भाडं. ‘टपाल हशील वेगळे’ हे पुस्तकांच्या जाहिरातींत कालपरवापर्यंत छापलं जाई. तहसीलदार म्हणजे गोळा करणारा. आणि इंग्रजांनी त्याच्या डोक्यावर जो साहेब आणून बसवला त्याचं नाव कलेक्टर, तोही गोळा करणाराच. एक अरबी-फारसी, एक लॅटिन-इंग्रजी, दोघांचा अर्थ अक्षरशः एक. महाराष्ट्र राज्य झाल्यावर आपण कलेक्टरला ‘जिल्हाधिकारी’ केलं. शब्द देखणा आहे, पण त्यानं ते जुनं सत्य झाकलं. गावातली वयस्क माणसं अजून ‘कलेक्टर कचेरी’च म्हणतात; तिथं काय होत होतं हे त्या शब्दाला जास्त आठवतं.

तहसीलदाराच्या आधी आमच्याकडं मामलेदार होता. मामला म्हणजे व्यवहार, देवघेव. तो शब्द सरकारी पाट्यांवरून पुसला गेला, पण बोलीतून गेला नाही. ठाण्यात मामलेदार कचेरीजवळ मिळणाऱ्या मिसळीनं तो जिभेवर कायमचा ठेवला.

रत्नागिरीच्या मातीत मात्र मामलेदारापेक्षा जवळचा, आणि जास्त जड, शब्द एकच: खोत. चौदाव्या शतकात झियाउद्दीन बरनीनं अल्लाउद्दीन खिलजीच्या कारकीर्दीची हकिकत लिहिली, तीत ‘खूत’ आणि ‘मुकद्दम’ येतात, गावचा वसूल हाताळणारी माणसं. कोकणात खोत म्हणजे गावचा सारा सरकारला भरण्याचा मक्ता घेतलेला आणि कुळांकडून तो वाढवून घेणारा. हा मक्ता वंशपरंपरा झाला, आणि मक्तेदार मालक वाटू लागला. इंग्रजांनी 1880 साली खोतीचा कायदा करून ही रचना कागदावर पक्की केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, पुढच्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले, आणि 1949 च्या कायद्यानं अखेर खोती संपली. श्री. ना. पेंडशांनी ‘तुंबाडचे खोत’ लिहिली तोवर खोत हा कादंबरीत मावणारा इतिहास झाला होता.

खोताच्या अवतीभवतीचे दोन शब्द मला फार बोलके वाटतात. एक कूळ. कूळ म्हणजे घराणं, वंश. कुळाचार, कुळदैवत, कुळकथा यांतला. पण जमीनदाराच्या वहीत तोच शब्द खंड देणाऱ्या माणसासाठी आला. एका बाजूनं पाहिलं तर एक अख्खं घर, चुलीसकट, देवासकट, म्हातारीसकट. दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर भातखंडाची एक नोंद. एका शब्दात दोन माणसांच्या दोन नजरा अशा शेजारी बसलेल्या मी दुसरीकडं पाहिल्या नाहीत. 1948 चा कूळकायदा आला, 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरला, आणि कसणाऱ्याचं नाव सातबारावर चढलं तेव्हा त्या शब्दाला आपला पहिला अर्थ थोडासा परत मिळाला.

दुसरा शब्द वेठ. खोताच्या शेतावर, खोताच्या घरच्या कार्याला, फुकट राबायचं ती वेठ. हा शब्द फारसी नाही, इंग्रजी नाही; संस्कृत ‘विष्टि’. दोन हजार वर्षांच्या शिलालेखांत आणि ताम्रपटांत तो आहे. दान दिलेल्या गावाला विष्टि माफ, असं राजे कोरून ठेवत. त्याला पुढं फारसी ‘बेगार’ जोडून वेठबिगार झालं. एकाच ओझ्याला दोन राजवटींची नावं. राज्यं बदलली, डोक्यावरचा भारा तोच राहिला. म्हणून परकीय शब्द म्हणजे जुलूम आणि स्वकीय शब्द म्हणजे सुख, अशी वाटणी मला मान्य नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं राजव्यवहारकोश झाला, सावरकरांनी 1924 पासून रत्नागिरीत स्थानबद्ध असताना भाषाशुद्धीचं काम चालवलं, आणि त्यांच्या शब्दांपैकी दिनांक, महापौर घरोघर पोचले. तो उद्योग मोठा होता, त्यातून मराठीला पुष्कळ मिळालं. पण तालुका आणि जिल्हा हलले नाहीत, आणि वेठ तर आपलीच होती.

ग्रामपंचायतीच्या इमारतीत शिरलं की भाषा बदलते. भिंतीवर पुढाऱ्यांच्या तसबिरी, फळ्यावर घरपट्टी-पाणीपट्टीची सूचना, टेबलावर ठरावाची वही. पंचायत म्हणजे पाचांची बैठक. पण मराठीनं या शब्दाचे दोन तुकडे केले. ‘पंचायत’ ही संस्था, आणि ‘पंचाईत’ ही अडचण. ‘मोठी पंचाईत झाली’ म्हणजे प्रश्न असा अवघड की पाचांपुढं न्यावा लागेल. आणि ‘नसत्या पंचाइती’ म्हणजे पाचांचं काम एकट्यानंच अंगावर घेणं. ज्या समाजानं बैठकीच्या शब्दातून अडचणीचा शब्द काढला, त्यानं या बैठका मनापासून, अनेक पिढ्या अनुभवलेल्या असणार.

सरपंच तर शब्दांचं आंतरजातीय लग्नच. ‘सर’ फारसी, ‘पंच’ संस्कृत. पण जरा मागं गेलं की कळतं, फारसी ‘सर’ आणि संस्कृत ‘शिरस्‌’ एकाच आजीची नातवंडं. दोघांचाही अर्थ डोकं. दुरावलेल्या घरांनी पुन्हा सोयरीक जुळवावी तसं हे झालं. या शब्दाला स्त्रीलिंगी रूप नव्हतं, कारण कुणाला त्याची गरज पडेल असं वाटलं नव्हतं. 73 वी घटनादुरुस्ती 1993 च्या एप्रिलमध्ये अमलात आली, महाराष्ट्रात पुढं निम्म्या जागा स्त्रियांच्या झाल्या, आणि गावोगाव सरपंचताई, सरपंचबाई, सरपंच मॅडम ऐकू येऊ लागलं. व्याकरणानं काही केलं नाही. माणसांनी ‘ताई’ जोडली आणि शब्दाला पुढं जायला वाट करून दिली.

पंचायतीत माणूस अर्ज देतो, तक्रार करतो. अर्ज म्हणजे समोर मांडणं. तक्रार म्हणजे अरबीत ‘पुन्हा पुन्हा करणं’. पाण्याच्या नळासाठी कुणी सहाव्यांदा कागद देतो तेव्हा तो शब्दाच्या मूळ अर्थाला जागत असतो. त्याच माणसाचं देवळातलं गाऱ्हाणं मात्र निराळं. गाऱ्हाणं संस्कृत ‘गर्हणा’चं, म्हणजे मूळ अर्थ दोष देणं, नापसंती सांगणं. कोकणात ते देवापुढं ‘घालायचं’ असतं: गुरव उभा, मागं सगळं गाव, आणि एकाच्या आजाराचं, एकाच्या लग्नाचं, एकाच्या परदेशी गेलेल्या मुलाचं, सगळ्यांचं मिळून एक मागणं. शब्दातला दोष गळून गेला, भरवसा उरला. कागदावरच्या तक्रारीला जावक-आवक क्रमांक मिळतो. गाऱ्हाण्याला सगळ्या गावाचा हुंकार मिळतो. दोन्ही लागतं.

अलीकडे पदांची नावं पुन्हा बदलली. ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी झाले, तलाठी ग्राम महसूल अधिकारी झाले, कोतवाल महसूल सेवक झाला. कोतवालाची मला हळहळ वाटते. संस्कृत ‘कोट्टपाल’, किल्ल्याचा रक्षक. फारसीतून फिरून आलेला. दिल्लीत कोतवालाच्या नावानं शहर थरथरे. आमच्याकडं तो दवंडी देणारा, नोटीस चिकटवणारा, साहेबाची वाट दाखवणारा गरीब माणूस झाला. तरी नावात एक किल्ला होता. नव्या नावात पगाराची आणि मानाची खात्री जास्त असेल तर तेच बरं, हे मी मनापासून म्हणतो. पण पुन्हा शब्द निवडताना आपण ‘महसूल’च उचलला, गाव नाही, एवढं नोंदवावंसं वाटतं.

या गावाला उतरंडीबाहेरचाही एक शब्द मिळालेला आहे. इथं 1866 साली कवी कृष्णाजी केशव दामले जन्मले. कोकण मराठी साहित्य परिषदेनं त्यांचं स्मारक उभारलं, 1994 साली कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, आणि त्यांनी मालगुंडला मराठी कवितेची राजधानी म्हणून गौरवलं. ज्या गावाच्या माथ्यावर पंचायत समिती, तहसील, जिल्हा अशा पायऱ्या आहेत, त्याला एका कवीनं एका वाक्यात सगळ्यांच्या वर नेऊन बसवलं. राजधानीतलं ‘धानी’ म्हणजे ठेवण्याची जागा. अत्तरदाणी, फुलदाणी यांतली फारसी ‘दाणी’ तिचीच चुलतबहीण. तेव्हा कवितेची राजधानी म्हणजे कविता ठेवलेली जागा. स्मारकातलं ते उतरत्या छपराचं, शेणानं सारवलेल्या जमिनीचं घर पाहिलं की हा अर्थ जास्त जवळचा वाटतो.

याच दामल्यांच्या घरात आणखी एक भाऊ होता, मोरो केशव. त्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 साली निघालं, आणि मराठीच्या व्याकरणाचा अभ्यास करणाऱ्याला आजही त्या जाडजूड ग्रंथापाशी थांबावं लागतं. एका भावानं मराठी शब्दांना नव्या वाटेनं जायला लावलं, दुसऱ्यानं ते कोणत्या नियमानं चालतात ते मांडलं. थोरला 1905 साली हुबळीत गेला, चाळिशीही न गाठता. धाकट्याचा ग्रंथ त्याला पाहायला मिळाला नाही.

थोरल्यानं टोपणनाव घेतलं ते केशवसुत. केशवाचा मुलगा. या नावाची जुन्या कवींच्या मुद्रिकांशी नाळ जोडतात, ते खरंच. पण पाखाडीवरून जाताना अनोळखी पोराला बघून एखादी म्हातारी गडग्याआडून विचारते, ‘कुणाचा रे तू?’ तेव्हा कोकणातला पोर स्वतःचं नाव सांगत नाही. तालुका नाही, जिल्हा नाही. तो बापाचं नाव सांगतो आणि वाडीचं.

‘केशवाचा.’

एवढं ऐकलं की म्हातारी त्याला आत बोलावते.